मनकर्णाबाईंची दोन उत्तरं

जैनाबादच्या सुपडू महाजनांची थोरली मुलगी मनकर्णा हिची गोफण साऱ्या शिवारात नावाजलेली होती. ज्वारीची कणसं भरू लागली की ती सकाळीच माळ्यावर चढायची. चार लाकडांवर बांधलेला तो माळा वाऱ्याने डुलायचा, पण तिचे पाय हलायचे नाहीत. राघूंचा थवा उतरताना दिसला की गोफण दोनदा डोक्याभोवती फिरायची, सुटायची, आणि दगड थव्याच्या अगदी वरून सणसणत जायचा. पाखराला दगड लागलेला तिला आवडत नसे. नुसता आवाज ऐकून थवा उठला पाहिजे, दगड पुढे मोकळ्या रानात पडला पाहिजे, असा तिचा हिशेब होता आणि तो बहुधा चुकत नसे.

शाळेतही ती तशीच होती. नदी ओलांडून बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत जायची. पावसाळ्यात नावेतून, उन्हाळ्यात पदर खोचून गुडघाभर पाण्यातून. ती शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर मुलांच्या हायस्कुलात बसावं लागणार होतं. आई गोदाबाई म्हणाली, "पोरायमधे बसून काय शिकशीन? लोकं काय म्हनतीन?" सुपडूंनी बैलांना पेंड घातली, हात धुतले आणि मग मुलीला म्हणाले, "जाशीन तं जाय. पन मधून सोडू नको. मले ते चालनार नाही."

एकोणीसशे पंचावन्न साली मनकर्णा नववीत बसली. वर्गात मुली दोनच. दुसरीने इतिहास घेतला. मनकर्णाने गणित लिहून दिलं, तेव्हा कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "चुकून तर नाही ना लिहिलं?"

"नाही," ती म्हणाली. "नीट लिहिलंय."

गणिताला विनायकराव रावेरकर होते. उन्हाळ्यातही कोट घालायचे आणि त्या काळ्या कोटाच्या बाह्या कायम खडूने पांढऱ्या असायच्या. मुलाचं उत्तर चुकलं तरी ते चूक म्हणत नसत. "मग?" एवढंच म्हणत आणि थांबत. त्या "मग?"ला मुलं छडीपेक्षा जास्त भीत.

वर्गसमीकरणं सुरू झाली ती दिवाळीनंतर. क्षचा वर्ग असलेलं समीकरण, त्याचे दोन अवयव पाडायचे, दोन मूळं काढायची. मुलं यंत्रासारखी उदाहरणं सोडवू लागली. मग एक दिवस सरांनी शाब्दिक उदाहरण घातलं. एक दगड जमिनीवरून सेकंदाला चौसष्ट फूट वेगाने सरळ वर फेकला. तो अठ्ठेचाळीस फुटांवर केव्हा असेल? रीत त्यांनी फळ्यावर लिहून दिली होती. वेगाला सेकंदांनी गुणायचं आणि त्यातून सेकंदांच्या वर्गाची सोळा पट वजा करायची. वेग दगडाला वर नेतो आणि ती सोळा पट म्हणजे पृथ्वीने खाली ओढलेलं. उरते ती उंची.

मुलांनी मांडलं, सोळाने भागलं आणि क्षवर्ग वजा चार क्ष अधिक तीन बरोबर शून्य असं छोटंसं समीकरण हाती आलं. मूळं दोन. एक आणि तीन. इथवर सगळे बरोबर होते. पण प्रश्न एक आणि उत्तरं दोन, म्हणून जवळजवळ प्रत्येकाने आपापल्या मनाने त्यातल्या एका उत्तरावर काट मारली होती. पहिल्या बाकावरचा गिरधर उभा राहिला. "सर, तीन. मोठं उत्तर घ्यायचं."

"मग?" विनायकराव म्हणाले.

गिरधर बसला. दुसऱ्याने एक सांगितलं. पुन्हा "मग?" आलं. मनकर्णा त्या वर्गात तोवर आपणहून कधी बोललेली नव्हती. ती उभी राहिली, पण नजर वहीवरच होती.

"सर, दोन्ही खरी आहेत. एका सेकंदाला दगड तिथं असतो तो वर जाताना. तिसऱ्याला पुन्हा तिथंच असतो, खाली येताना. जागा तीच, पण दोनदा."

"तुला कसं कळलं?"

"आम्ही रोज पाहतो. गोफणीचा दगड जातो तसा येतो पण."

विनायकरावांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा सांग," ते म्हणाले. "मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी मान वर करून.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी त्याच जातीचं अवघड उदाहरण दिलं. ऐंशी फूट उंच बुरुजावर एक माणूस उभा आहे. तो तिथून चौसष्ट फूट वेगानेच दगड वर फेकतो. दगड बुरुजाच्या पायथ्याशी केव्हा पडेल? मूळं आली पाच आणि उणे एक. पाच सेकंद, हे उघड होतं. विनायकराव फळा पुसता पुसता म्हणाले, "ऋण वेळ नसते. दगड फेकायच्या आधी कसा पडेल? ते उत्तर सोडून द्यायचं."

"पण सर," मनकर्णा म्हणाली, "ते आलं कुठून?"

विनायकराव फळ्याकडून वळले. डस्टर हातात तसंच. वर्गाला वाटलं आता रागावतात. ते म्हणाले, "खरं सांगू? पंधरा वर्षं शिकवतोय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. तू शोध. मीही शोधतो."

मनकर्णाचे ते दिवस कसे गेले ते गोदाबाईंनाच ठाऊक. भाकरी तव्यावर करपली, कालवणात मीठ पडलं नाही. रविवारी ती माळ्यावर होती आणि गोदाबाई खाली बांधावर. राघू उतरले. मनकर्णाचं लक्ष नव्हतं, म्हणून आईनेच आपली गोफण फिरवली. दगड जमिनीवरून सुटला, माळ्याच्या कडेने मनकर्णाच्या कानाजवळून वर गेला आणि वळून पलीकडे पडला.

"झोपली का वो?" गोदाबाई ओरडल्या.

मनकर्णा होती तिथंच खाली बसली. दगड तिच्याजवळून गेला, त्याच क्षणी तिने स्वतः तेवढ्याच जोराने दुसरा सोडला असता तर? दोन्ही दगड बरोबरीने वर गेले असते, बरोबरीने वळले असते, बरोबरीने पडले असते. त्या क्षणानंतर त्यांच्यात काहीच फरक नसता. फक्त आईचा दगड थोडा आधी जमिनीवरून निघालेला होता.

तिने माळ्यावरच कोळशाने फळीवर आकडे मांडले. बुरुजाच्या पायथ्याशी कुणी उभा राहून एक सेकंद आधी, शहाण्णव फूट वेगाने दगड फेकला तर? एका सेकंदात शहाण्णवातून सोळा गेले, ऐंशी फूट. म्हणजे बरोबर बुरुजाच्या माथ्याशी. आणि तिथं त्याचा वेग बत्तीसने कमी होऊन उरला चौसष्ट. उदाहरणातला दगड तोच! उणे एक म्हणजे फेकण्याआधीचा एक सेकंद. समीकरणाला वर उभा असलेला माणूस ठाऊकच नव्हता. त्याला फक्त दगड ठाऊक होता आणि तो दगड जमिनीवर केव्हा केव्हा असू शकतो ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

सोमवारी तिने हे फळ्यावर मांडलं. अक्षर वाकडं आलं, पण आकडे सरळ होते. विनायकराव खिडकीशी उभे राहून ऐकत होते. ती संपवून जागेवर गेली तेव्हा ते फळ्याजवळ आले. मग म्हणाले, "मीही रात्री इथवर आलो होतो. पण माझ्याकडे नुसतं गणित होतं. तुझ्याकडे दगडही आहे." आणि वर्गाकडे वळून, "लिहून घ्या. हे पुस्तकात नाही."

गिरधरने सगळ्यांत आधी पेन उघडलं. मनकर्णा त्या संध्याकाळी नावेत बसली तेव्हा तिला वाटलं, आपण थोडं उंच झालो आहोत. नावाडी रोजचाच होता, नदी रोजचीच होती. तिने घरी काही सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हते, आणि खरं म्हणजे तो आनंद तिला काही दिवस एकटीलाच पुरवून ठेवायचा होता.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी झाली. तोवरची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी झाली भोपाळ. चौकात भाषणं झाली, शाळेत लाडू वाटले. आणि लाडू संपतात न संपतात तोच वर्गात हिंदी पुस्तकं आली. परीक्षेचा पेपर हिंदीत येणार असं कळलं. मराठीत शिकलेल्या मुलांची धांदल उडाली. ज्यांचे नातलग रावेरला, भुसावळला होते ती मुलं तिकडच्या शाळांत निघून गेली. गिरधरही गेला. मनकर्णाला कोण कुठे पाठवणार? आणि सुपडूंनी विचारलंच तर ती काय म्हणणार, हे तिचं ठरलेलं होतं.

"तुह्यं काय?" एका सकाळी नदीकाठी सुपडूंनी विचारलं.

"मी इथंच बसते, बापू. दगडाले हिंदी येत नाही न मराठी पन येत नाही. तो जसा पडतो तसाच पडीन."

सुपडू हसले. पण ते तितकं सोपं नव्हतं. पुस्तकात क्षच्या जागी य बसला होता. बेरजेचा योग झाला होता. ओळखीचे शब्द अनोळखी कपडे घालून आल्यासारखे वाटायचे. विनायकरावांची हिंदी बाजारातली, भाजी घेण्यापुरती. पहिल्या दिवशी ते फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "देखो, पत्थर को ऊपर फेका, तो वो वापस खाली येगा." सगळा वर्ग खो खो हसला. विनायकराव स्वतः कोटाची बाही तोंडावर धरून हसले. मग त्यांनी फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे हिंदी. उजवी बाजू सांगायला त्यांनी हिंदी घरातल्या मुलांना पुढे बोलावलं. त्या वर्षी त्या वर्गात मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण हे पुष्कळदा कळत नसे.

मॅट्रिकच्या परीक्षेत दगडाचं उदाहरण आलं, आणि त्यात असा एक शब्द आला जो त्या उजव्या बाजूला कधी लिहिला गेला नव्हता. एका मिनारावरून गोळा "प्रक्षेपित" केला आहे. मनकर्णाने तो शब्द तीनदा वाचला. शेजारी विचारायची सोय नव्हती. मग तिने शब्द सोडून दिला आणि आकड्यांकडे पाहिलं. उंची आहे, वेग आहे, केव्हा पडेल ते विचारलंय. म्हणजे फेकलाच असणार, दुसरं काय! तिने समीकरण मांडलं. दोन मूळं आली, एक धन, एक ऋण. धन उत्तर तिने चौकटीत घातलं. आणि खाली, कुणी मागितलेलं नसताना, ऋण उत्तराचा अर्थ दोन ओळींत मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिला.

निकाल लागला त्या दिवशी विनायकराव पहिल्यांदा नदी ओलांडून जैनाबादला आले. भर उन्हात, कोट घालून, जोडे हातात घेऊन, विजार भिजलेली. सुपडूंनी धावत जाऊन खाट टाकली. सर बसायच्या आधीच म्हणाले, "महाजन, तुमची मुलगी गणितात विशेष योग्यता मिळवून पास झाली. आमच्या शाळेतून या वर्षी ती एकटीच."

सुपडूंना विशेष योग्यता म्हणजे काय ते कळलं नाही. "एकटीच" कळलं. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि आत पाहून म्हणाले, "अवो, ऐकलं का? एकटीच म्हनतात सर!" गोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लोकं काय म्हणतील याची काळजी करणारी ती बाई त्या दुपारी स्वतः घरोघर गूळ वाटून आली.

पुढे खंडव्याला शिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग करून मनकर्णा बुऱ्हाणपूरला परतली. जिथं ती आठवीपर्यंत शिकली होती ती मुलींची शाळा एव्हाना मॅट्रिकपर्यंत वाढली होती. तिथंच तिला नोकरी लागली आणि ती मनकर्णाबाई झाली. पण मुलींना गणित हा विषयच नव्हता. त्याऐवजी गृहविज्ञान होतं. तिने मुख्याध्यापिकांना विचारलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण सावध होत्या.

"मुली नापास झाल्या तर शाळेचं नाव जाईल," त्या म्हणाल्या. "आणि पालक विचारतील, हे कशासाठी? काय सांगू?"

"मला पाठवा त्यांच्याकडे. मी सांगते."

"बरं. पाच मुली मिळाल्या तर वर्ग काढा. खोली मात्र नाही."

मनकर्णाबाई घरोघर फिरल्या. पाच मुली मिळाल्या. त्यातली अलका कापडवाल्यांची. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींची एका वाक्यात गाठ मारून बोलणारी. वर्ग भरायचा व्हरांड्यात. खडू हाताला लागायचा, ऊन पाठीला. बाई शिकवायच्या त्यात दोन्ही भाषा असायच्या. जो शब्द आधी पोहोचेल तो.

वर्गसमीकरणं आली आणि अलका अडली. "बाई, एक पत्थर दोनदा कसा तिथं असेल? समझ में नहीं आता. पाठ करून टाकते."

"पाठ नाही करायचं," बाई म्हणाल्या. "उद्या सगळ्या राजघाटावर या."

दुसऱ्या दिवशी पाच मुली राजघाटाच्या पायऱ्या उतरून नदीच्या वाळूत उभ्या राहिल्या. खेळाच्या बाईंकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच अलकाच्या हातात होतं. समोर डोहाच्या काठाला पागोटं बांधलेले सुपडू, आणि त्यांच्या हातात गोफण. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहू लागल्या.

"बापू, होईल तेवढा उंच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाण्यावर पडू द्या." आणि मुलींकडे वळून, "पुढे किती गेला ते सोडून द्या. वर किती गेला तेवढंच बघायचं."

गोफण फिरली. दगड सुटला. सगळ्यांच्या माना वर गेल्या, वळल्या आणि खाली आल्या. डोहात पाणी उडालं.

"पाँच सेकंड!" अलका ओरडली.

वाळूवर काडीने आकडे मांडले गेले. पाच सेकंदांनी उंची पुन्हा शून्य झाली, म्हणजे वर जाण्याचा वेग ऐंशी. पाचाच्या अर्ध्याला दगड सगळ्यात वर. तिथली उंची आली शंभर फूट.

"किती गेला वो?" सुपडूंनी विचारलं.

"सौ फूट, बाबा!"

"शंबर?" सुपडूंनी वर पाहिलं, जणू दगड अजून तिथंच होता. "मले वाटलं नव्हतं."

मग बाईंनी विचारलं, तोच दगड चौसष्ट फुटांवर केव्हा होता? मुली वाळूत बसल्या. क्षवर्ग वजा पाच क्ष अधिक चार. एक आणि चार. अलकाने काडी खाली टाकली. मग तिने बोटाने हवेत एक कमान काढली. जाताना एके ठिकाणी थांबली, वर गेली, वळली, उतरताना त्याच उंचीला पुन्हा थांबली.

"बाई," ती म्हणाली, "जाताना एक, येताना चार. अरे! दोन्ही सही है!"

मनकर्णाबाईंना आपला वर्ग आठवला नसेल असं नाही. पण सुपडूच मधे आले. "थांबा, अजून एक मारतो. मोजा." दुसरा दगड साडेचार सेकंदांतच पडला. हिशेब आला एक्याऐंशी फूट. सुपडू नाराज झाले, खांदा चोळला आणि तिसरा असा मारला की साडेपाच सेकंद लागले. एकशे एकवीस फूट! घाटावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सुपडू पागोटं सावरत मुलीकडे असे पाहू लागले, जणू इतकी वर्षं दगड ते मारत होते, पण तो किती उंच जातो हे मोजणारी त्यांनी घरातच तयार केली होती.

निकालात पाचपैकी चौघी पास झाल्या. अलका गणितातच नापास झाली. मनकर्णाबाई तिच्या घरी गेल्या तेव्हा दुकानावरून वडील आलेले होते. "बस झालं आता, बाई," ते म्हणाले. "तुम्ही खूप केलं."

आतून अलका बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. "मी पुन्हा बसणार. पप्पा, मला येतं ते. पेपरात घाबरले, बस. पुरवणीला बसते."

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तिला येतं. मी शिकवलंय, मला ठाऊक आहे." एवढंच. विनवणी नाही, समजावणी नाही. त्या सुरात असं काही होतं की वडील बाजूला झाले.

पुरवणी परीक्षेत अलका पास झाली. बातमी कळली तेव्हा मोठ्या बाई कार्यालयातून स्वतः व्हरांड्यात आल्या आणि मनकर्णाबाईंना म्हणाल्या, "यंदा तुमच्यासाठी खोली काढली आहे. उत्तरेकडची. तिथं ऊन येत नाही."

शाळा उघडली त्या दिवशी मनकर्णाबाई त्या खोलीत गेल्या. नवा काळा फळा, चुन्याचा वास, आणि बाकांवर सतरा मुली. दापोऱ्याच्या दोघी होत्या, बहादरपूरच्या तिघी होत्या, शहरातल्या बाकीच्या. दाराशी एक बाई आपल्या मुलीला सोडायला आली होती. तिने पदर सावरत विचारलं, "गनिताच्या बाई तुम्हीच का?"

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मीच."